फोनवर भजन का मोडतं आणि ओवी का टिकते

गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या गावात दर एकादशीला मारुतीच्या पारावर भजन असतं. २५ मार्च २०२० पासून करोनामुळं टाळेबंदी लागली आणि पार ओस पडला. ८ एप्रिलला हनुमान जयंती होती. सप्ताह नाही, काल्याचं कीर्तन नाही, पंगत नाही. मंडळातल्या तरुण पोरांनी ठरवलं, व्हिडिओ कॉलवर भजन करू. नऊ घरांतून नऊ फोन लागले. विणेकऱ्यांनी चाल धरली आणि दुसऱ्याच कडव्याला सगळं विस्कटलं. टाळ मागं पडले, पखवाज ऐकूच येईना, ज्याला ठेका सापडला त्याला शब्द सापडेनात. चाळीस वर्षं एकमेकांच्या मांडीला मांडी लावून गाणारी ही माणसं. "तुझा आवाज तुटूलालाय, तू थांब, आधी मी म्हणतो," असं करता करता एकेकानं फोन ठेवला. पखवाज वाजवणाऱ्या आमच्या चुलत्यांना, बापूंना, वाटलं की आता आपलाच हात गेला. दोन दिवस त्यांनी पखवाजाची गवसणी काढली नाही.

त्याच आठवड्यात माझी माय आणि लातूरची मावशी एकमेकींना व्हॉट्सअ‍ॅपवर ओव्या पाठवू लागल्या. एक ओळ इकडून, एक ओळ तिकडून. जून उजाडून मृगाचा पाऊस झाला तरी ते चालू होतं.

बापूंचा हात गेला नव्हता, आणि माय-मावशींकडं काही वेगळं यंत्रही नव्हतं. फोन तेच, रेंज तीच. मग एक गोष्ट का मोडली आणि दुसरी का टिकली? हे कळलं की पुन्हा कधी दारं लावून बसायची पाळी आली, किंवा लेकरू दूरदेशी गेलं, तर काय करून बघावं आणि कशात जीव शिणवू नये, तेही कळतं.

आधी एक विचारून घेऊ: पारावर अंतर ठेवून गायला काय हरकत होती? हरकत होती, आणि ती जीवघेणी होती. १० मार्च २०२० ला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका समूहगायनाच्या मंडळाची अडीच तासांची तालीम झाली. ६१ जण हजर होते. त्यांतल्या ५३ जणांना लागण झाली. ३३ जणांची तपासणीनं नक्की झाली, २० जणांची लक्षणांवरून धरली. दोघे दगावले. मोठ्यानं गाताना आपण खोल श्वास घेतो, जोरानं सोडतो, आणि साध्या बोलण्यापेक्षा किती तरी जास्त बारीक तुषार हवेत जातात. ज्या गोष्टीनं माणसं एकमेकांच्या सगळ्यात जवळ येतात, नेमकी तीच त्या दिवसांत सगळ्यात घातक ठरली. म्हणून फोनचा आसरा घ्यावा लागला.

आवाजाचा प्रवास आणि रांजणातलं पाणी

हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पारावर भजनाला बसलेली माणसं एकमेकांपासून दोन-तीन मीटरवर असतात. म्हणजे विणेकऱ्याचा आवाज समोरच्या टाळकऱ्याच्या कानात पोचायला सात-आठ मिलिसेकंद लागतात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. एवढा उशीर कानाला जाणवत नाही. उलट तो आपल्या अंगवळणी पडलेला असतो.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात संगीतकार ख्रिस चेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर नीट प्रयोग केले. दोन माणसं वेगवेगळ्या खोल्यांत बसवली, कानाला हेडफोन लावले, आणि दोघांना मिळून टाळ्यांचा ठेका धरायला सांगितलं. मधला उशीर ते कमीजास्त करत गेले. दहा-बारा मिलिसेकंदांच्या आसपास ठेका स्थिर राहिला. उशीर त्याहून कमी केला की माणसं नकळत पळू लागली, वाढवला की लय खाली बसू लागली. पंचवीस-तीस मिलिसेकंदांच्या पुढं एकत्र वाजवणं अवघड होत जातं. हे अंतर हवेत मोजलं तर आठ-दहा मीटर भरतं. मोठ्या दिंडीत मागचे टाळकरी पुढच्यांच्या मागं का पडतात, आणि मधे चालणाऱ्या मृदंगाकडं सगळ्यांचे कान का असतात, ते यातून उलगडतं.

आता फोनचं बघू. फोनवर आवाज जायला बहुतेक वेळा दीडशे-दोनशे मिलिसेकंद लागतात, रेंज कमी असेल तर त्याहून जास्त. पुष्कळांना वाटतं की लातूर आणि गंगाखेडमधल्या अंतरामुळं हा वेळ जातो. तसं नाही. जमिनीखालच्या काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला जवळजवळ दोन लाख किलोमीटर धावतो. लातूरहून मुंबईचे पाचशे किलोमीटर धरले तरी अडीच मिलिसेकंद. म्हणजे वाटेत वेळ फार जात नाही. वेळ जातो तो दोन्ही टोकांना.

फोन तुमचा आवाज सलग पाठवत नाही. त्याचे वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे करतो, प्रत्येक तुकडा दाबून लहान करतो आणि पुडीसारखा बांधून पाठवतो. या पुड्या एका वेगानं पोचत नाहीत. एखादी लवकर, एखादी टॉवरवर अडकून उशिरा. तिकडचा फोन पुडी आली की लगेच फोडून ऐकवू लागला, तर आवाज तुटक तुटक येईल. म्हणून तो थोड्या पुड्या आधी साठवून घेतो. आपल्याकडं ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, तेही कधी पहाटे, कधी रात्री. म्हणून आपण रांजण भरून ठेवतो आणि त्यातून तांब्यानं घेतो. धार खंडत नाही, पण पाणी शिळं असतं. फोनमधला आवाज तसाच रांजणातला असतो. तो न तुटता येतो याचं कारणच हे की तो थोडा शिळा आहे.

बोलायला एवढा शिळेपणा चालतो. गायला चालत नाही. भजन रंगात आलं की मिनिटाला एकशे वीस ठोके सहज पडतात, म्हणजे दोन ठोक्यांत अर्धा सेकंद. बापूंनी थाप मारली. ती दोनशे मिलिसेकंदांनी टाळकऱ्याच्या घरी पोचली. त्यानं तिच्यावर बरोबर टाळ मारला. तो परत बापूंच्या कानात यायला आणखी दोनशे. चारशे मिलिसेकंद झाले, आणि पुढचा ठोका पाचशेवर आहे. बापूंना वाटलं टाळकरी मागं राहिला, म्हणून ते त्याच्यासाठी थांबले. तिकडं टाळकऱ्याला वाटलं बापू रेंगाळले, म्हणून तोही थांबला. दोघंही चांगले गाणारे, दोघंही एकमेकांना सांभाळून घेणारे, आणि म्हणूनच लय बुडाली. एकमेकांचं न ऐकणारी माणसं असती तर कदाचित इतकी फरफट झाली नसती. मला या सगळ्यात हेच सगळ्यात जास्त लागतं. फोननं त्यांच्या सांभाळून घेण्याच्या सवयीवरच घाव घातला.

दुसरी अडचण आवाज निवडण्याची. कॉलची यंत्रणा बोलण्यासाठी घडवलेली असते. माणूस बोलताना मागं पंखा चालू असेल, कुकरची शिट्टी होत असेल, तर ती तो आवाज दाबते. टाळ, चिपळ्या, पखवाज हे तिच्या लेखी पंख्याच्या जातीचे. त्यातून दोन माणसं एकदम बोलू लागली की एकाला पुढं करून दुसऱ्याला मागं लोटायचं, असा तिचा कल. भजनात तर सगळेच एकदम. म्हणून बापूंचा पखवाज ऐकू येत नव्हता. यंत्र त्याला गोंगाट समजून पुसत होतं.

साध्या बोलण्यातही हा उशीर नडतो, फक्त कळून येत नाही. दहा वेगवेगळ्या भाषांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी फक्त दोनशे मिलिसेकंदांची फट असते. फोनचा उशीर नेमका तेवढाच. आपण "हं" म्हणतो तोवर समोरचा पुढच्या वाक्यावर गेलेला असतो. त्या वर्षी व्हिडिओ कॉल संपल्यावर माणसं दमलेली असायची, त्याचं एक कारण हे आहे.

एकत्र गाण्यानं अंगात काय होतं

ऑक्सफर्ड विद्यापीठात वल्ही मारणाऱ्या खेळाडूंवर एक प्रयोग झाला. तेवढीच मेहनत एकट्यानं केली आणि सगळ्यांनी एका तालात केली, तर नंतर कोण जास्त दुखणं सोसतं, हे दंडाला पट्टा आवळून पाहिलं. एका तालात वल्ही मारणाऱ्यांची सोसण्याची ताकद जास्त भरली. शरीर स्वतःच बनवतं त्या वेदना कमी करणाऱ्या द्रव्यांमुळं, एंडॉर्फिनमुळं, हे होत असावं असा त्याचा अर्थ लावतात. खळ्यावर, मोटेवर, जात्यावर गाणी का जन्मली याचं उत्तर शोधायला आपल्याला ऑक्सफर्डला जावं लागत नाही, पण त्यांनी ते मोजलं हे बरं झालं.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यास. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये प्रौढांचे वर्ग सात महिने पाहिले. काही वर्ग गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. गाण्याच्या वर्गातली माणसं पहिल्या काही आठवड्यांतच एकमेकांच्या जवळ आली. बाकीच्यांना वेळ लागला. पण सात महिन्यांच्या शेवटी सगळेच वर्ग सारखेच जुळलेले होते. गाणं पटकन जोडतं. शिवणं-विणणं-लिहिणं सावकाश जोडतं, पण पोचतं तिथंच.

टाळेबंदीत आपल्याकडून गाण्याची ही पटकन जोडणारी वाट हिरावली गेली होती. सावकाश चालणारी वाट उघडी होती. आणि ती आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या होती.

जात्याला समोरची बाजू असते

जात्यावर दोघी समोरासमोर बसतात. एकाच खुंट्यावर दोघींचे हात. एकीनं ओवी सांगायची, दुसरीनं झेलायची. पहिली ओळ सांगणारीला शेवट ठाऊक नसला तरी चालतं, कारण तो समोरचीचा असतो. ती ओळ अर्धी सोडते ती विसरली म्हणून नव्हे. ती समोरचीला जागा करून देते.

याच गंगाखेडची संत जनाबाई. तिच्याबद्दलची आवडती कथा काय सांगते? ती एकटी दळत होती आणि विठ्ठल येऊन जातं ओढू लागला. मला लहानपणी तो चमत्कार वाटायचा. आता वाटतं, जात्यावर बसणाऱ्या बाईला समोरची बाजू रिकामी दिसूच शकत नाही. कुणी नसेल तर देवाला बसवावं लागतं.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही त्यात आहेत. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, पण हा साचा बायांच्या तोंडात राहिला. म्हणूनच मायला काही शिकावं लागलं नाही.

झालं असं की आमचा मामा पुण्यात कामाला होता आणि तिथंच अडकला. मावशीचा फोन आला, "काय करूलालीस गं?" माय म्हणाली, "काय करणार, बसलेय दाराकडं बघत." फोन ठेवल्यावर तिनं पोराला विचारून आवाजी निरोप पाठवायचा शिकून घेतला आणि एक ओळ पाठवली:

पहिली माझी ओवी गं, कडी लागल्या गावाला

संध्याकाळी, भाकरी झाल्यावर, लातूरहून उत्तर आलं:

सांगावा मी धाडिते, पुण्यात आडकल्या भावाला

दुसऱ्या दिवशी पहिली ओळ मावशीची:

दुसरी माझी ओवी गं, एस्टी येईना फाट्याला
डोळं माझं लागलं, बंधुजीच्या वाटेला

दुसरी ओळ मायची, आणि ती यायला पूर्ण दुपार गेली. पण ती दुपार रिकामी नव्हती. माय भांडी घासताना 'फाट्याला'ला काय जुळेल ते पुटपुटत होती. व्हिडिओ कॉलवर दोनशे मिलिसेकंदांनी भजन मोडलं, आणि इथं सहा तासांच्या उशिरानं ओवी मोडली नाही. कारण भजनात उशीर ठोक्याच्या पोटात शिरतो. ओवीत तो दोन ओळींच्या सांध्यावर पडतो. सांध्याला तसाही श्वास घ्यायचाच असतो. तो श्वास क्षणाचा असो की दुपारभराचा, साचा ढळत नाही. वाट बघणं हाही ओवीचाच भाग होतो. दिवसभर मनात समोरची माणूस असते.

याच कारणानं कमी रेंजच्या गावातही हे चालतं. त्या उन्हाळ्यात बीडकडचे ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर कोप्यांमध्ये अडकून पडले होते. चार्जिंगचे वांधे, रिचार्जचे वांधे. तिथं व्हिडिओ कॉल कुणाला परवडणार? एक मिनिटाचा आवाजी निरोप साधारण एका फोटोएवढी जागा घेतो, आणि फोनला रेंज सापडेल तेव्हा आपणहून जातो.

वाकळीचंही तेच. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरून चारी बाजूंनी बाया धावदोरा घालत बसतात. आमच्या गल्लीत त्या एप्रिलमध्ये एक वाकळ घरोघर फिरली. एकीनं एक पट्टी भरायची, वाकळ दिवसभर कडक उन्हात टाकायची, मग पुढच्या घरी. टाका प्रत्येकीचा वेगळा, कुणाचा लांब, कुणाचा दाट. आजही ती वाकळ हातात घेतली की बोटांना कळतं कुठं काकूंचं संपलं आणि कुठं मामीचं सुरू झालं.

मग भजनाचं काय?

भजन सोडून द्यायचं नव्हतं. त्यालाही दोन मार्ग निघतात.

पहिला असा: गाणारा एकच, बाकीच्यांनी आपापला आवाज फोनवर बंद करून घरी साथ धरायची. प्रत्येकाला विणेकऱ्याचा आवाज उशिरा येतो, पण त्या उशिरा आलेल्या आवाजाला धरून तो बरोबर गातो. त्याच्या घरापुरतं भजन पूर्ण असतं. त्या वर्षी १ जुलैला आषाढी होती. पालख्या पायी गेल्या नाहीत, पैठणहून नाथांच्या पादुकाही एस.टी.नं पंढरपूरला गेल्या. त्या दिवशी कितीतरी घरांत माणसांनी फोन पाटावर ठेवून असंच भजन केलं. यात एक दुःख आहे, ते लपवू नये: पुढं गाणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही. तो रिकाम्या खोलीत गातो. म्हणून आमच्याकडं पुढं असं ठरलं की प्रत्येक अभंगाला विणेकरी बदलायचा, म्हणजे ते एकटेपण एकाच्या वाट्याला येणार नाही.

दुसरा मार्ग प्रत्येकानं आपापल्या घरी ध्वनिमुद्रण करून मग जोडायचा. अमेरिकी संगीतकार एरिक व्हिटेकर यांनी २०१० मध्ये १२ देशांतल्या १८५ गायकांचे आवाज असे जोडले, आणि २०२० मध्ये १२९ देशांतल्या १७,५७२ जणांचे. त्याची युक्ती साधी आहे. एकानं पखवाजाचा ठेका आणि चाल आधी भरून सगळ्यांना पाठवायची. प्रत्येकानं एका फोनवर ती इयरफोननं ऐकायची आणि दुसऱ्या फोनवर फक्त स्वतःचा आवाज भरायचा. सुरुवातीला ठरलेल्या ठोक्यावर एक टाळी मारायची. जोडणारा सगळ्यांच्या टाळ्या एका रेषेत आणतो, की गाणं आपोआप जुळतं. इयरफोन मात्र हवाच, नाहीतर ठेका प्रत्येकाच्या मुद्रणात पुन्हा शिरतो आणि सगळं गढूळ होतं.

आमच्या बापूंनी असा ठेका भरला. एकट्यानं, बैलांच्या गोठ्यात बसून, कारण घरात लेकरांचा कालवा. पहिल्यांदा लय पळाली, दुसऱ्यांदा जमली. नऊ जणांचे आवाज त्यावर चढले तेव्हा त्यांनी ते सात-आठ वेळा ऐकलं आणि म्हणाले, "टाळ बरोबर पडूलालाय की रे." मला हा मार्ग आवडतो, पण ओवीइतका नाही. यात प्रत्येक जण ठेक्याशी जोडलेला असतो, एकमेकांशी नसतो. कुणी चुकला तर दुसरा त्याला उचलून घेऊ शकत नाही, कारण गाताना तो दुसरा तिथं नसतोच. हाताशी काही नसेल तर हे जरूर करावं, आणि शक्य असेल तर मुद्रण एकदम सगळ्यांनी भरण्याऐवजी एकाचं ऐकून दुसऱ्यानं, दुसऱ्याचं ऐकून तिसऱ्यानं, असं ओळीनं भरत न्यावं. मग त्यात थोडी ओवी येते.

दूरच्या माणसासोबत असं काही सुरू करायचं असेल तर एवढंच सांभाळा की आपला भाग पुरा करून पाठवू नका. पुरी कविता पाठवली की समोरून "छान" येतं. अर्धी ओळ पाठवली की उरलेली अर्धी येते. चित्र काढणाऱ्या लेकरानं झाड काढून पाखरू आजीसाठी सोडावं. आजीनं काढलेलं पाखरू झाडापेक्षा मोठं असलं तरी ते तसंच राहू द्यावं, खोडून नीट करू नये. रोज ठरल्या वेळेलाच पाठवलं पाहिजे असंही करू नका. मावशीकडून एकदा चार दिवस ओळ आली नव्हती, घरात ताप होता. पाचव्या दिवशी आली ती तापावरचीच.

मायचा तो फोन पुढं पाण्यात पडून गेला. नव्या फोनवर काहीच आलं नाही आणि तिला वाटलं, ओव्या गेल्या. पण पाठवलेलं दोन्हीकडं राहतं. मावशीच्या फोनमध्ये सगळ्या होत्या, तिच्याही आणि मायच्याही, तारीखवार. गेल्या दिवाळीला मावशी आली तेव्हा दोघींनी ओसरीवर बसून त्या पहिल्यापासून लावल्या. एका ठिकाणी मायची ओळ अर्ध्यातच तुटली होती, त्या दिवशी रेंज गेली असावी. मावशीनं फोन थांबवला आणि मायकडं बघितलं. मायला ती ओळ आठवत नव्हती. तिनं नवीन सांगितली, आणि मावशीनं झेलली.